जँगो ॲडमिन : काटापट्टीच्या नोंदीत शेतकऱ्यांची यादी केंद्रानुसार कशी मर्यादित करावी?

प्रश्न (रावेर)
नमस्कार. केळी खरेदी करणाऱ्या एका पेढीच्या काटापट्ट्या (मालाच्या वजनाच्या पावत्या) जँगोमध्ये (पायथन भाषेतील वेब ॲप बनवण्याची चौकट) ठेवल्या असून मुनीम मंडळी थेट ॲडमिनमध्येच (जँगोची तयार नोंदपाने) नोंदी करतात. शेतकरी, वजन, दर आणि माल नवती, पिलबाग की वापसी (केळीचे प्रकार), एवढे भरायचे असते. शेतकऱ्यांची संख्या हजारांच्या घरात गेल्यापासून नोंदीचे पान उघडायलाच फार वेळ लागतो, कारण सगळी नावे एकाच ड्रॉपडाउनमध्ये येतात. शिवाय सावद्याच्या मुनिमाला सावदा केंद्राचेच शेतकरी दिसावेत, अशी मालकांची अट आहे. काटापट्टीच्या ॲडमिनमध्ये गेट क्वेरीसेट (कोणत्या नोंदी आणायच्या ते ठरवणारे फंक्शन) लिहिल्यावर पट्ट्यांची यादी मर्यादित झाली, ड्रॉपडाउन मात्र जसेच्या तसे आहे. टेम्प्लेट (पानाच्या मांडणीची फाइल) बदलावे लागेल का?

उत्तर १ (भुसावळ)
टेम्प्लेटला हात लावण्याची गरज नाही. ऑटोकम्प्लीट फील्ड्समध्ये (टाइप करताच जुळणारी नावे सुचवणारी सोय) शेतकऱ्याचे फील्ड द्यावे. ही सोय जँगो 2.0 पासून आहे. त्यासाठी शेतकऱ्याच्या ॲडमिनमध्ये सर्च फील्ड्स (शोध कोणत्या रकान्यांत घ्यायचा त्यांची यादी) असावेच लागतात, अन्यथा सिस्टीम चेक (जँगोची स्वतःची तपासणी) अडवतो. तिथे नावासोबत गाव आणि मोबाईल क्रमांकही घ्यावा. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे चार पाटील निघतात आणि पट्टी भलत्याच्याच खात्यावर चढते.

उत्तर २ (जळगाव)
वरील उपाय योग्य आहे, परंतु त्याने पानाचा वेग सुधारेल, केंद्राची अट पूर्ण होणार नाही. ऑटोकम्प्लीटमध्ये येणारी नावे काटापट्टीच्या नव्हे, तर शेतकऱ्याच्या ॲडमिनमधील गेट क्वेरीसेटमधून येतात. म्हणून केंद्राची गाळणी तिथे लावावी आणि मुनिमाला शेतकरी पाहण्याची परवानगी द्यावी, नाहीतर शोध चालणारच नाही. एवढ्यावरही थांबू नये. ही गाळणी फक्त दिसणाऱ्या नावांना लागू होते. एखाद्याने फॉर्ममधून दुसऱ्या केंद्राच्या शेतकऱ्याचा आयडी पाठवला, तर तपासणीच्या वेळी तो स्वीकारला जातो. त्यामुळे काटापट्टीच्या ॲडमिनमध्ये फॉर्मफील्ड फॉर फॉरेनकी (जोडलेल्या नोंदीचा फॉर्ममधील रकाना बनवणारे फंक्शन) ओव्हरराइड करून, म्हणजे आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून, क्वेरीसेटला तीच अट घालावी. माझ्या मते पैशाचा हिशोब असलेल्या ठिकाणी ही दुसरी गाळणी ऐच्छिक मानूच नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मालकांचे खाते कोणत्याच केंद्राला जोडलेले नाही. त्यांना यादी रिकामी दिसेल का?

उत्तर २ (जळगाव)
होय. म्हणून दोन्ही ठिकाणी आधी सुपरयूझर (सर्व परवानग्या असलेले खाते) आहे का ते पाहून त्याला पूर्ण क्वेरीसेट द्यावा आणि केंद्राची अट त्यानंतर लिहावी.