आम्ही म्हातारे झालो नाही, मालिकांनी संपायचं सोडलं

लोकमान्यनगरकर

परवा व्हिडिओ गेमच्या मालिकांवरच्या इथल्या चर्चेत नेक्स्टलेव्हल यांनी लिहिलं: “असॅसिन्स क्रीड, फिफा, नीड फॉर स्पीड, यातलं काहीही बिघडलेलं नाही. तुम्ही चाळिशीला टेकलात, हात मंदावले, वेळ उरला नाही आणि खापर गेमवर फोडताय. नवी मुलं मजेत खेळतायत, तुम्ही बाजूला व्हा.” बऱ्याच जणांनी त्याला माना डोलावल्या. मला ते झोंबलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वयामुळे गोडी गेली असती तर कुठलाच गेम आवडायला नको होता. या पावसाळ्यात असॅसिन्स क्रीडमधल्या एझिओ या नायकाचे तिन्ही भाग मी पुन्हा सलग खेळलो. हात तेच, वर चष्मा, नोकरी, घरी दोन मुलं. तरी फ्लॉरेन्सच्या चौकात त्याच्या वडिलांना आणि भावांना फाशी देतात तिथे घसा दाटलाच. २००९ च्या भागात तो उनाड पोरगा आहे. २०१० मध्ये रोममध्ये माणसं जमवतो. आणि २०११ च्या रेव्हलेशन्समध्ये दाढी पिकलेला एझिओ मस्याफच्या किल्ल्याच्या तळघरात, पहिल्या भागाचा नायक अल्ताइर याच्या सांगाड्यासमोर आपली शस्त्रं उतरवून ठेवतो. एक माणूस आपल्या डोळ्यांदेखत अख्खं आयुष्य जगला आणि त्याची गोष्ट संपली. संपली म्हणूनच ती आजही आठवते.

२०१२ च्या तिसऱ्या भागात आजच्या काळातला नायक डेसमंड मेला. पाच गेम ज्याच्यासाठी रचले, तो गेला, आणि त्यानंतर आजच्या काळातल्या त्या कथेला ना शेंडा ना बुडखा. दरवर्षी एक भाग आणायचाच या हट्टापायी २०१४ ला युनिटी ही आवृत्ती अर्धीकच्ची बाजारात आली, चेहरे गायब झालेली माणसं जगभर हसण्याचा विषय झाली, मालिका काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीला माफी मागावी लागली. २०१६ ला मुख्य भाग काढलाच नाही, दम घेतला. २०१७ चा ओरिजिन्स सुंदर होता, हे मीही म्हणतो. पण त्या विश्रांतीनंतर त्यांनी सोबत काय आणलं बघा. लेव्हल, म्हणजे प्रत्येक पात्राच्या ताकदीचा आकडा. २०१८ च्या ओडिसीत तुम्ही कौलांवरून दबकत येता, मागून नेमका वार करता, आणि समोरचा मरत नाही! त्याचा आकडा तुमच्यापेक्षा मोठा आहे म्हणून तो वळून तुम्हालाच झोडपतो. मारेकऱ्यांच्या मालिकेत मारेकऱ्याचा वार फुकट. मग आकडा वाढवायला मेंढपाळाची हरवलेली वस्तू शोधा, डाकूंचा तळ साफ करा. नाहीतर गेममधल्याच दुकानात जा, आकडा वाढवणारे अनुभव-गुण दीडपट करणारा बूस्टर खऱ्या पैशांत विकत घ्या. कंटाळा त्यांनीच तयार केला आणि त्यावरचा उतारा त्यांनीच विकायला ठेवला. माझा सगळा राग इथे आहे, ग्राफिक्सवर नाही.

फिफाचं तेच. एकट्याने खेळायचा करिअर मोड वर्षानुवर्षं तसाच, सगळी मेहनत अल्टिमेट टीमच्या पाकिटांवर, म्हणजे आत कोणता खेळाडू निघेल ते आधी न कळणाऱ्या पाकिटांवर. बेल्जियमने २०१८ मध्ये असली पाकिटं जुगारात बसवली, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये फिफाचा गेम काढणाऱ्या ईए कंपनीने तिथली, पाकिटं घ्यायला लागणाऱ्या पॉइंट्सची विक्री बंद केली. गुन्हेगारांच्या दुनियेवरचा जीटीए ५ आला २०१३ ला. त्यातल्या तीन नायकांच्या गोष्टीत पुढे एक प्रकरणही भरलं नाही, ऑनलाइन मात्र चालूच आहे. ज्या मालिकेला संपायचंच नाही तिच्यावर जीव कसा लावायचा?

नेक्स्टलेव्हल

दादा, पूर्ण वाचलं. चष्मा आणि मुलं तुम्हीच मध्ये आणलीत, मी नाही.

मी ओरिजिन्स खेळलो तेव्हा नववीत होतो. मालिकेतला माझा पहिला भाग. बायेकचा मुलगा सिवामध्ये मारला जातो आणि तो बाप अख्खा इजिप्त पालथा घालतो. तुमच्यासाठी जो एझिओ, तोच माझ्यासाठी बायेक. माणसाला पहिला भाग नेहमीच सर्वात खरा वाटतो, कारण तेव्हा नियम माहीत नसतात, सगळंच नवल असतं. माझा धाकटा भाऊ वल्हाला या नंतरच्या भागापासून सुरू झाला, त्याला ओरिजिन्स जुनाट वाटतो. आणि तो वल्हाला एक अब्ज डॉलर्सच्या वर कमाई करणारा मालिकेतला पहिला भाग आहे. लोकांना नको होता तर एवढा पैसा आला कुठून?

लेव्हल नको म्हणता? मग २०२३ चा मिराज घ्या. लेव्हल नाहीत, छोटा बगदाद, जुन्या पद्धतीची लपाछपी. तुमच्यासारख्यांसाठीच केला होता. मला तो दोन रात्रींत कंटाळवाणा झाला. पाठलाग करा, कान देऊन ऐका, मारा, पळा. २००७ ला हेच होतं.

आणि स्पष्ट विचारतो. एझिओचे ते तीन भाग तेव्हा विकत घेतले होतेत, की रस्त्यावरच्या नकली डीव्हीडीवर खेळलात? ज्यांनी एक रुपया दिला नाही त्यांनी कंपनीचा हिशेब मागू नये.

हार्डवेअरवाले काका

हे बोलणं बरोबर नाही बेटा.

मी त्या काळात इथल्या पोरांची मशिनं जुळवून देत असे. कुणाचा बाप शिक्षक, कुणाचा गिरणीतून निघालेला. २५६ एमबीची रॅम ५१२ करायची तर घरात आठवडाभर चर्चा चाले. मूळ डिस्क हजाराच्या पुढे, आणि ती ठेवणारं दुकान आमच्या भागात नव्हतंच. शेजारच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये, तिथे नीड फॉर स्पीडच्या मोस्ट वॉन्टेड भागासाठी एका मशिनपुढे रांग. गेममधल्या रेझरने ढापलेली ती बीएमडब्ल्यू परत मिळवली त्या दिवशी कॅफेवाल्याने पोराला फुकट थम्स अप पाजलं. शर्यतीत हरवायच्या ड्रायव्हरांच्या ब्लॅकलिस्टमधली पंधराच्या पंधरा नावं त्यांना पाठ होती. त्या पोरांना तू चोर म्हणतोस?

नेक्स्टलेव्हल

काका, चोर हा शब्द मी वापरलेला नाही, तुम्ही वापरलात. मी एवढंच म्हणतो की ज्याने विकत घेतला त्याची तक्रार आधी ऐकावी. मी कॉलेजात शिकवण्या घेऊन, सेलची वाट बघून एकेक गेम घेतलाय.

पलासियाची प्राजक्ता

विकत घेणाऱ्यांची गोष्ट मी सांगते, कारण मी घेणारी होते.

पहिल्या नोकरीच्या पगारातून मी एक मूळ डिस्क मागवली. दुकान कोणतं, गेम कोणता, ते जाऊ दे. डबा सीलबंद, आतली की, म्हणजे गेम चालू करायचा कोड, मात्र आधीच कुणीतरी वापरलेली. दुकानदार म्हणाला कंपनीला लिहा, कंपनी म्हणाली दुकानदाराला विचारा. दोन्हीकडे मेल करून दमले. शेजारच्या मुलाने मला पेन ड्राइव्हवर गेमचं कुलूप तोडणारा क्रॅक आणून दिला, तेव्हा मी पैसे दिलेला माझाच गेम मला खेळता आला.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. असॅसिन्स क्रीडचा दुसरा भाग पीसीवर २०१० मध्ये आला तो ‘इंटरनेट सतत चालू हवं’ या अटीसकट. एकट्याने खेळायचा गेम! मार्चमध्ये सर्व्हर कोलमडले आणि ज्यांनी पैसे मोजले तेच दाराबाहेर राहिले. त्या वर्षी इंदूरचं ब्रॉडबँड कसं होतं ते नववीतल्यांना कळणार नाही, पाऊस आला की लाइन मेली. तेव्हा प्रामाणिकपणाचे धडे जरा जपून द्या.

नेक्स्टलेव्हल

ताई, मी आता नववीत नाही.

सर्व्हरचं खरं आहे, ती अट वाईटच होती. पण एका दुकानदाराने फसवलं म्हणून सगळ्या शहराने क्रॅक वापरावा, हे पटत नाही. आपण पैसे देत नव्हतो म्हणून कुठलाही स्टुडिओ आपल्याकडे ढुंकून बघत नव्हता. दुकानात डिस्क का नव्हती? घेणारं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून.

पलासियाची प्राजक्ता

गिऱ्हाईक मी होते. माझ्यासमोर उभं राहून गिऱ्हाईक नव्हतं म्हणतोस?

कव्हर ड्राइव्ह ०७

भिया, ढुंकून बघत नव्हते म्हणालात म्हणून मध्ये पडतो. क्रिकेटचं बोला की कुणीतरी!

ईएने २००२, २००४, २००५ अशा क्रिकेटच्या आवृत्त्या काढल्या आणि २००६ च्या नोव्हेंबरमध्ये क्रिकेट ०७ आणून दुकान बंद केलं. बिघडली नाही हो आमची मालिका, तिला वाढूच दिलं नाही. पुढच्याच वर्षी आपण टी-२० चा विश्वचषक जिंकलो, त्याच्या पुढच्या वर्षी आयपीएल आलं. जगातलं सर्वात मोठं गिऱ्हाईक दारात उभं होतं तेव्हा हे दुकान आवरून निघून गेले. ०७ मध्ये आपल्या खेळाडूंची नावंसुद्धा धड नव्हती, परवाने फक्त इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे.

मग काय केलं? पोरांनी स्वतः गेममध्ये बदल करणारे पॅच केले. नावं, जर्सी, बॅटवरचे स्टिकर, मैदानं, सगळं. दरवर्षी नवा संघ, आवाज मात्र तोच रिची बेनॉ आणि मार्क निकोलसचा. २०११ च्या डिसेंबरात सेहवागने आपल्या होळकर स्टेडियमवर वेस्ट इंडीजला २१९ मारले, त्या रात्री आम्ही चौघांनी ०७ लावून तीच मॅच पुन्हा खेळली. मी आजही तोच खेळतो. चाहते गोडी गमावतात म्हणता, आम्हाला गमवायलाही काही दिलं नाही.

लोकमान्यनगरकर

कव्हर ड्राइव्ह, तुमचं दुःख मोठं आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ०७ मध्ये रोजचं बक्षीस नाही, सीझन पास नाही, पाकिटं नाहीत. डिस्कवर जे होतं ते तुमचं झालं. म्हणून तुम्ही त्याला इतकी वर्षं सांभाळू शकलात. आजचा सततच्या कनेक्शनवर चालणारा फुटबॉलचा गेम सर्व्हर बंद झाल्यावर कोण सांभाळणार?

नर्मदाकाठ

माझा वेगळाच राग आहे, तो इथेच मांडते. असॅसिन्स क्रीडमध्ये इजिप्त झालं, ग्रीस झालं, व्हायकिंग झाले, बगदाद झालं, २०२५ मध्ये जपानही झालं. भारताला काय मिळालं? २०१६ चा क्रॉनिकल्स: इंडिया. १८४१ सालची गोष्ट, शीख साम्राज्याची पार्श्वभूमी, आणि डावीकडून उजवीकडे पळायचा छोटा गेम. आपल्या पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे. महेश्वरचा घाट, १७६७ ते १७९५ अहिल्याबाईंचा कारभार, दिल्ली-पुणे-कोलकात्यातलं राजकारण, फिरंगी, पेंढारी. याहून चांगली पार्श्वभूमी कोणती? किल्ला चढायला तयार आहे, कुणी नकाशा काढायचाय तेवढा.

हार्डवेअरवाले काका

पुण्याचं नाव निघालं म्हणून. २०२० मध्ये त्याच कंपनीच्या प्रिन्स ऑफ पर्शिया मालिकेतल्या ‘सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओकडे दिल्याचं जाहीर झालं तेव्हा माझी छाती भरून आली होती. २००३ चा तो गेम मी कितीतरी मशिनांत घातलाय. पहिल्या ट्रेलरवर जगभरातून टीका झाली, आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. आपली मुलं इतरांच्या गेमचे भाग रात्र रात्र जागून करतात, पण स्वतःच्या नावाची संधी आली की त्यांना पुरेसा वेळ दिला जात नाही.

नेक्स्टलेव्हल

काका, त्या ट्रेलरमधले चेहरे खरोखर कच्चे होते. आपली मुलं म्हणून चांगलं म्हणायचं का?

हार्डवेअरवाले काका

चांगलं म्हण असं मी लिहिलेलं नाही. नीट वाच आणि मग उत्तर दे. मोठ्यांशी बोलायची ही रीत नाही.

लोकमान्यनगरकर

दोघंही थांबा. विषय हातातून गेलाय.

नेक्स्टलेव्हल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. नाही, पहिल्यांदा विकत घेतले नव्हते. कमवायला लागल्यावर तिन्ही घेतले. या पावसाळ्यात खेळलो ते तेच. आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. पहिला भागच सर्वात खरा वाटतो, हा तुमचा सगळा युक्तिवाद. मग रेसिडेंट एव्हिलचं काय करायचं? १९९६ पासूनची भयकथेची मालिका. २०१२ च्या सहाव्या भागात भीती कुठे आणि बंदुकांचा धुडगूस कुठे, अशी गत झाली, जुने चाहते रुसले. मग २०१७ ला सातवा भाग आला. एक घर, एक कुटुंब, मोजक्या गोळ्या, आणि कॅमेरा थेट डोळ्यांत. पूर्णपणे नवं रूप. जुन्यांना नुसत्या आठवणी हव्या असत्या तर त्यांनी तो नाकारला असता. तेच लोक परतले. दोन वर्षांनी दुसऱ्या भागाचा रीमेक आला, त्यालाही डोक्यावर घेतलं. आम्हाला जुनंच हवं असतं तर हे घडलं नसतं. आम्हाला तो गेम कशासाठी आहे हे विसरलेलं चालत नाही.

नेक्स्टलेव्हल

रेसिडेंट एव्हिल मान्य. मनापासून नाही, पण मान्य. सातवा मीही दिवे लावून खेळलो.

बूस्टरचंही मान्य करतो. पूर्ण किंमत घेतल्यावर आत पुन्हा दुकान नको, हे मला स्वतःला खटकतं. ओडिसीत मी तो घेतला नाही, आणि तिसाव्या लेव्हलच्या आसपास खरोखर रेंगाळलो होतो. पण मोठा नकाशा म्हणजे फसवणूक, हे मान्य नाही. मला त्या बेटांवर बोट घेऊन नुसतं भटकायला आवडायचं. बारावीच्या वर्षात घरून बाहेर पडायला बंदी होती, तेव्हा माझं बाहेर तेवढंच होतं. मला ते संपायला नको होतं. तुम्हाला संपणारी गोष्ट हवी, मला राहायला जागा हवी होती. दोघांचंही प्रेम खरं आहे, तुमचंच तेवढं खरं असं लिहू नका.

पलासियाची प्राजक्ता

हे आधी लिहिलं असतंस तर इतकं भांडण झालं नसतं. “तुम्ही बाजूला व्हा” हे वाक्य मात्र मागे घे.

नेक्स्टलेव्हल

ते वाक्य घेतलं मागे. पैशांचं बोललो ते घेत नाही. पुढचा भाग आला की मी पहिल्या दिवशी घेणार. दादा, तुम्ही?

लोकमान्यनगरकर

वर्षभर थांबेन. सगळे पॅच येऊ देत, किंमत उतरू दे. वार केल्यावर माणूस मरतो का ते आधी तुमच्याकडून विचारून घेईन, आणि मग मूळ प्रतच घेईन.