ठोसेघरचा धबधबा पांढराफटक येतो त्याबद्दल

साताऱ्याजवळच्या ठोसेघर धबधब्याचा तुमचा फोटो म्हणजे नुसता पांढरा पट्टा आला, असं तुम्ही म्हटलंय. मुसळधार पावसानंतर धार मुळातच दाट असते. शटर सेकंदभर उघडं ठेवलं की तिचा सगळा पोत पुसला जातो. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवून बघा, पाण्याचे झोत सुटे दिसतील. भोवतीचा काळा कातळ पाहून कॅमेरा उजेड वाढवतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्म्यावर, आणा. पोलरायझरने, म्हणजे लेन्सवर लावायच्या फिल्टरने, ओल्या बेसाल्ट कातळावरची चकाकी जाते आणि थर उठून दिसतात, मला तर तेच सगळ्यात आवडतं. धुकं आलं तर थांबा, वाऱ्यासरशी विरळ होतं. तुषारांसाठी सुती फडकं खिशात हवंच. आणि कृपा करून, चांगल्या कोनासाठी कठडा ओलांडू नका, शेवाळावर पाय ठरत नाही.