बाळाचा दाखला की आमची सोयरीक?

नवा_बाप_पुणे: मुलगी झाली. दवाखान्यात जन्मनोंदणीचा फॉर्म दिला. बाळाचं वजन विचारा, ठीक. पण आईचं लग्नाच्या वेळचं वय, दोघांचं शिक्षण, धंदा, वर धर्म? दाखला बाळाचा काढताय की आमची सोयरीक जमवताय?

सिस्टर_ताई: दादा, फॉर्म नीट बघा की. कायदेशीर भाग वेगळा, सांख्यिकी भाग वेगळा. धर्म, शिक्षण, लग्नाचं वय दुसऱ्यात. तो फाडून आकडेवारीला जातो, दाखल्यावर यातलं एक अक्षर येत नाही. लहान वयात लग्न झालेल्या पोरींची अडीच किलोच्या आतली बाळं कुठे जास्त, हे घरबसल्या कळत नसतं.

खवचट_खानदेशी: आणि फॉर्मवरून कळतं? आमच्या वेळी क्लार्कनं बायकोला न विचारता 'गृहिणी' ठोकून दिलं. ती अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते! शिक्षण 'दहावी'. साडी बघून ठरवलं असणार.

मीनल_ठाणे: ते सोडा, नावाचं बोला. माझ्या आधारवर सासरचं नाव, डिस्चार्ज कार्डावर माहेरचं, मुलाच्या दाखल्यावर दोन्हींची खिचडी. पासपोर्टसाठी प्रतिज्ञापत्र, तीन चकरा.

रोखठोक_नाना: त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना आईचं नाव बापाच्या आधी. उद्या बापाचं नाव काढूनच टाका.

मीनल_ठाणे: नाना, नऊ महिने तुम्ही वागवलंत का?

रोखठोक_नाना: झालं, लगेच अंगावर!

एकटीच_समर्थ: नाना, २०१५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, एकट्या आईला तिच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्या. तरी माझ्या बहिणीला खिडकीवर तीनदा विचारलं, "मिस्टर कुठेत?" मागे अख्खी रांग कान देऊन. चौथ्यांदा ती म्हणाली, "तुमच्या मागच्या कपाटात बघा." दाखला मिळाला, आडनावात चूक करून.

नवा_बाप_पुणे: अहो, धागा माझा होता. केंद्राच्या नव्या नमुन्यात आईचा आणि बापाचा धर्म वेगवेगळा विचारलाय. त्यानं बाळाचं वजन वाढणारे का?

सिस्टर_ताई: धर्माचं मला विचारू नका, तो रकाना मी नाही टाकला. वजन आणि आईचं वय मात्र हवंच.

खवचट_खानदेशी: आणि 'गृहिणी'?

सिस्टर_ताई: रात्रपाळीला मी एकटी, वॉर्डात बावीस बाया. पहाटे चारला कोणाला उठवून धंदा विचारू? लिहिलंय मीपण 'गृहिणी'. घ्या, काढा स्क्रीनशॉट.

खवचट_खानदेशी: काढला. चहा माझ्याकडून.