जॉन प्राइनचा पहिला अल्बम: तुमचे अनुभव लिहा

नदीकाठ:
काल लेक गिटारच्या क्लासहून आली ती याच अल्बममधलं 'पॅरडाइज' वाजवतच. तीनच कॉर्ड लागतात, म्हणून नवशिक्यांना हे गाणं हमखास देतात. मी पोळ्या करत होते. तवा उतरवला आणि ओट्याला टेकून ऐकत राहिले. आम्ही शिकागोला नवे आलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी ही सीडी हातात ठेवली होती, "आमच्या मेवूडचा पोस्टमन आहे, ऐक" म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन प्राइन, जन्म १९४६, शिकागोजवळचं मेवूड. सैन्यातून आल्यावर टपाल वाटायचा आणि वाटता वाटता गाणी रचायचा. १९७० मध्ये रॉजर ईबर्टने (हो, तेच सिनेमाचे समीक्षक) पेपरात त्याच्यावर लिहिलं. मग गायक क्रिस क्रिस्टोफरसनने ऐकलं, न्यूयॉर्कला आपल्या कार्यक्रमात गायला उभं केलं आणि अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने करार केला. १९७१ मध्ये हा अल्बम आला तेव्हा पोराचं वय २४. गाणी १३.

मला आजही नवल वाटतं ते या वयाचं. चोवीस वर्षांचा मुलगा म्हाताऱ्या जोडप्याबद्दल, संसाराला विटलेल्या बाईबद्दल, व्यसनात बुडालेल्या जवानाबद्दल गातो आणि कुणाचीही कीव करत नाही. तिशीत ऐकलं तेव्हा गाणी छान वाटली होती. आता आईबाबा पुण्यात दोघंच असतात, तर त्या म्हाताऱ्या जोडप्याचं 'हॅलो इन देअर' शेवटपर्यंत ऐकवत नाही.

तुम्ही कधी ऐकलात? कुठलं गाणं लागलं, कुठलं नाही? मोकळेपणाने लिहा.

कोळसापट्टा:
पॅरडाइज. बस्स, तेवढंच लिहितो असं ठरवलं होतं, पण राहवत नाही.

मी चंद्रपूरकडचा. आमचं जुनं गाव खाणीत गेलं. पुनर्वसनाच्या गावात सिमेंटचे रस्ते आहेत, नळ आहेत, सगळं आहे. आजी मात्र अजून कुणी घर विचारलं की जुन्याच खुणा सांगते. "चिंचेच्या डाव्या हाताला." चिंच कुठली आता, तिथे शंभर हात खोल खड्डा आहे.

हे गाणं हॉस्टेलवर एका रूममेटने लावलं. केंटकीतलं म्युलेनबर्ग, ग्रीन नदी, कोळशाने गिळलेलं वडिलांकडचं गाव. मला इंग्रजी गाणी ऐकायची सवय नव्हती, तरी पहिल्याच खेपेला कळलं हा काय म्हणतोय. अख्खं गाव गेलं आणि हा चाल लावतो हसतखेळत म्हणायची! तेच मला पटतं. आमच्याकडेही जुन्या गावाच्या गोष्टी निघाल्या की पहिले सगळे हसतात.

नदीकाठ:
@कोळसापट्टा, काय लिहिलंत हो. आजींना नमस्कार सांगा.
या गाण्याची एक गोष्ट प्राइनने सांगितलेली आहे. वडिलांना टेप ऐकवायला नेली. 'पॅरडाइज' सुरू झालं तसे ते उठून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. का, तर ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकलं की गाणं लावणारं यंत्र) लागलंय असं वाटावं म्हणून. अल्बम निघायच्या आधीच ते गेले.

पायरी_चौथी:
वाचतेय. ज्यूकबॉक्सचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, लोकलमध्ये आहे.

रात्रपाळी:
घाईत लिहितेय, ब्रेक संपत आलाय. मी इंग्लंडमध्ये केअर होमला नर्स. 'हॅलो इन देअर'बद्दल एवढंच सांगते की गाण्यातली माणसं रोज भेटतात. एक आजोबा आहेत, रोज सकाळी दाढी करून, टाय लावून दाराकडे तोंड करून बसतात. कुणी येत नाही. मी औषधं देताना त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसते. आमच्या वॉर्डमध्ये वेळ मोजून काम असतं, पण तेवढं मी सोडत नाही.
प्राइन लहानपणी एका मित्राला पेपर टाकायला मदत करायचा, त्यात एक वृद्धाश्रम होता. तिथली काही म्हातारी माणसं या पोरांना नातवंडं समजायची. ते डोक्यात राहिलं आणि पुढे गाणं झालं. म्हणून तर इतकं खरं आहे.

तारसप्तक:
थोडं वेगळं मत. गाण्यांबद्दल वाद नाही, ध्वनिमुद्रणाबद्दल आहे. एक 'पॅरडाइज' सोडलं तर सगळं मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत झालं. निर्माता आरिफ मार्डिन. वाजवणारी मंडळी तीच, ज्यांनी १९६९ मध्ये एल्विसबरोबर काम केलं. एकेक अव्वल वादक. पण प्राइनला इतक्या साथीची गरज नाही. ऑर्गन आला की शब्द मागे जातात. 'सॅम स्टोन' एकट्या गिटारवर ऐका, लाइव्ह भरपूर आहेत. अंगावर येतं.

आणि मुखपृष्ठावर त्याला गवताच्या पेंढ्यांवर बसवलंय, खेडूत दिसावा म्हणून. तो शिकागोच्या उपनगरातला, अशा पेंढ्यावर तो त्याआधी कधी बसलाच नव्हता!

फौजीची_लेक:
'सॅम स्टोन'वर कुणी लिहील म्हणून वाट बघत होते. आमच्या सातारा भागात घरटी फौजी. गाण्यात व्हिएतनामहून जखमी होऊन, मॉर्फिनची सवय घेऊन आलेला बाप आहे. पदकं आहेत, नोकरी धड नाही, आणि लेकरं सगळं बघतायत. लोक त्याच्या मरणाबद्दल बोलतात, माझं लक्ष त्या लेकरांवर जातं. माझे मामा रिटायर होऊन आले ते असेच अबोल. व्यसन नव्हतं, पण रात्री दार वाजलं की ताडकन उभे राहायचे. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही.
गायक जॉनी कॅशने हे गाणं म्हटलं तेव्हा धृपदातली येशूबद्दलची ओळ (तो उगाचच मेला, अशा अर्थाची) बदलली. मला मूळच हवं. ती ओळ टोचते, टोचायलाच हवी.

कोळसापट्टा:
@फौजीची_लेक +१. ती ओळ काढली तर काय उरतं.

उंबरठा:
एवढे प्रतिसाद आले आणि 'एंजल फ्रॉम माँटगमरी' कुणीच नाही?? विशीतला पुरुष मी म्हातारी बाई आहे म्हणून गायला सुरुवात करतो आणि आपण पहिल्या ओळीपासून विश्वास ठेवतो. आपल्याकडे एकनाथांनी भारुडात सासुरवाशीण बोलती केली, तीच ताकद इथे आहे. नवरा घरात येतो, जातो, बोलायला काही नाही, स्वयंपाकघरात माश्या घोंगावतायत. एवढ्यात सगळा संसार आला. माझी आई अशी खिडकीशी बसायची, दुपारची भांडी झाल्यावर.
गायिका बॉनी रेटने १९७४ मध्ये गायलं ते जास्त गाजलं. मला तेच आवडतं.

तारसप्तक:
@उंबरठा, रेटचा आवाज गोड आहे, मान्य. पण प्राइनच्या कोरड्या आवाजात ती बाई जास्त थकलेली वाटते.

उंबरठा:
थकलेली नाही हो, चिडलेली आहे ती! रेटने ते बरोबर पकडलंय. यावर मी मागे हटणार नाही. :)

पायरी_चौथी:
@नदीकाठ लेकीचा क्लास ओल्ड टाउन स्कूललाच का? माझी भाची तिकडे शिफ्ट होतेय, तिला व्हायोलिन शिकायचंय.

नदीकाठ:
@पायरी_चौथी हो, तिथेच. प्राइनही तिथेच गिटार शिकला. भाचीला शनिवारच्या बॅचचं विचारायला सांग, आठवड्यात पार्किंगचे हाल होतात. व्यक्तिगत निरोप करते.

नवा_कान:
धागा वाचून लावला. प्रामाणिकपणे सांगतो, आवाज नाकातला वाटला आणि तिसऱ्या गाण्याशी थांबलो. शब्द मात्र भारी आहेत. पुढे असाच गातो का?

तारसप्तक:
@नवा_कान नाही. १९९८ मध्ये मानेचा कॅन्सर झाला, शस्त्रक्रियेनंतर आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. तुम्ही २०१८ चा 'द ट्री ऑफ फरगिव्हनेस' आधी ऐका, तो शेवटचा. बिलबोर्डच्या अल्बम-यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वरचा. मग १९७१ कडे या.

रात्रपाळी:
एप्रिल २०२० मध्ये कोविडने गेला तो. त्या आठवड्यात आमच्याकडे काय चाललं होतं ते इथे लिहीत नाही. @नवा_कान, तारसप्तक म्हणतात तसं शेवटून ऐका, पण 'हॅलो इन देअर' आजच लावा. तिसरंच गाणं आहे, तुम्ही नेमके तिथेच थांबलात.

नवा_कान:
लावतो. जेवण झालं की.