नांदूर मधमेश्वरचा गाळ काढावा का?

गोदाकाठी
नाशिक जिल्ह्यातल्या चांदोरी-सायखेडा या गोदावरीकाठच्या गावांना पूर आला की मागणी होते, खालच्या नांदूर मधमेश्वर धरणातला गाळ काढा. सरसकट गाळ काढायला माझा ठाम विरोध आहे. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला आणि त्या गाळामुळेच उथळ पाणी, बेटं, पाणगवत तयार झालं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, पुढे रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेलं हे राज्यातलं पहिलं ठिकाण. हिवाळ्यात चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावरून बघा. चमचे पक्षी वीतभर पाण्यात उभे राहून, चोच डावी-उजवीकडे फिरवत चिखल चाळत असतात. तिथे दहा-पंधरा फूट खोदलं तर ते चरणार कुठे?

सायखेडेकर
पक्षी आम्हालाही हवेत. क्रौंच हरभऱ्यात उतरतात, तेही सोसतो. पण ऑगस्ट २०१९ मध्ये गावात पाणी शिरलं, दुकानांतला माल गेला, त्याचं काय? धरण गाळानं भरलं की फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबलेलं पाणी, मागे गावाकडे येणारच. मनोऱ्यावरून पूर दिसत नाही.

नाशिककर
त्या वेळी वरच्या गंगापूर आणि दारणा, दोन्ही धरणांतून मोठा विसर्ग होता. सगळा दोष गाळावर टाकू नका. सायखेड्याच्या पुलाला पानवेली (जलपर्णी) अडकतात ते कुणामुळे? आम्हा शहरवाल्यांच्या सांडपाण्यामुळे. त्यातल्या नत्र-स्फुरदावर त्या पोसतात. पक्षी बघायला जाणाऱ्या प्रत्येकानं आधी आपल्या नगरसेवकाला विचारावं, आपल्या प्रभागातला कोणता नाला प्रक्रियेविना गोदावरीत जातो?

सायखेडेकर
पानवेलीचं शंभर टक्के पटलं. दरवर्षी पोकलेन लावून त्या काढाव्या लागतात. गाळाचं मात्र पटलं नाही. गोदाकाठी, तुम्ही सांगा, खोदायचं कुठे?

गोदाकाठी
बंधाऱ्याच्या दरवाज्यांसमोर आणि नदीच्या मूळ पात्रात. कडेच्या उथळ पाण्याला हात लावायचा नाही. पाहुणे पक्षी परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये काम करायचं आणि गाळ शेतकऱ्यांना फुकट द्यायचा.

सायखेडेकर
गाळ घ्यायला ट्रॅक्टर आम्ही आणू. पण दोन महिन्यांत एवढं काम उरकत नाही, वळवाचा पाऊस आला की यंत्रं रुततात. शिवाय ठेकेदार वाळू दिसेल तिथे खोदणार, ही भीती तुम्हालाही असेल. वनखातं आणि पाटबंधारे खातं ग्रामसभेत एकत्र बसवा, नकाशावर हद्द आखून लेखी द्या. तोवर आमची मागणी आहे तीच.