मदत हवी आहे : चमकण्याच्या इंग्रजी छटांसाठी नेमकी मराठी क्रियापदे

नमस्कार,

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करत असताना एकाच पानावर ग्लीम, ग्लिंट, ग्लिसन, ग्लिमर आणि शिमर असे पाच शब्द आले आणि पहिल्या खर्ड्यात मी पाचही ठिकाणी 'चमकणे' लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी वाचताना चूक लक्षात आली. मूळ कथेत घासलेले पितळी कुलूप, सुरीची धार, भिजलेला खडक, दूरचा कंदील आणि चांदण्यातली नदी या प्रत्येकाचा उजेड निराळा होता. माझ्या अनुवादात मात्र सगळ्यांवर एकच दिवा लावल्यासारखे झाले होते.

माझ्याजवळचा शब्दकोश या पाचांपुढे 'चमकणे, चकाकणे, झळकणे' हीच तीन क्रियापदे आलटून पालटून देतो, म्हणून मी स्वतःच वर्गवारी करून पाहिली. ती कुठे चुकते आहे, हे जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रश्न मी असा विचारला की प्रकाश वस्तूचा स्वतःचा आहे की तिच्यावर पडून परतलेला. ग्लो हा स्वतःचा, स्थिर आणि ज्वाळेशिवायचा प्रकाश. जवळजवळ कोणताही घन पदार्थ सुमारे 525 अंश सेल्सिअसपर्यंत तापला की अंधारात मंद तांबडा दिसू लागतो, तो ग्लो. निखाऱ्यासाठी आपल्याकडे 'रसरसणे' हे सुरेख क्रियापद आहे. परंतु काजव्याच्या थंड प्रकाशालाही इंग्रजीत ग्लोच म्हणतात आणि काजवा काही रसरसत नाही. ग्लिमर, म्हणजे क्षीण आणि अस्थिर उजेड, याला 'मिणमिणणे' चपखल बसते. ट्विंकलला 'लुकलुकणे' आहेच. (तारा स्वतः लुकलुकत नसतो, वातावरणातल्या कमीअधिक तापमानाच्या हवेतून येताना त्याचा प्रकाश सतत किंचित वाकत राहतो, म्हणून तो तसा दिसतो.)

परावर्तित प्रकाशाचे शब्द अधिक अवघड आहेत. ग्लीम हे गुळगुळीत पृष्ठभागाचे सौम्य, टिकून राहणारे तेज आहे, म्हणून कुलपासाठी मी 'लकाकणे' योजले आहे. ग्लिटर म्हणजे असंख्य बारीक ठिणग्यांसारखे 'चमचमणे', आणि त्यात पोकळ दिखाऊपणाची छटाही येते. 'चकाकते ते सारे सोने नसते' या म्हणीमुळे मात्र आपल्याकडे ही छटा 'चकाकणे' या शब्दाकडे गेली आहे. ग्लिंटने मला सर्वांत जास्त छळले. आपली प्रकाशवाचक क्रियापदे पाहा : लुकलुक, चमचम, लखलख, झगमग, मिणमिण. या सर्वांत द्विरुक्ती आहे आणि द्विरुक्तीमुळे क्रिया पुन्हा पुन्हा घडत असल्याचा भास होतो, तर सुरीची धार फक्त एकदाच, क्षणभर चमकते. अखेर 'पटकन', 'चटकन' यांच्या धर्तीवरचे 'लक्कन' आठवले आणि 'धार लक्कन चमकली' असे लिहिल्यावर समाधान झाले.

इंग्रजीने हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने साधली आहे. ग्ल या आरंभामुळेच तिथे प्रकाशाची चाहूल लागते, भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1930 मध्ये अशा अर्थसूचक ध्वनिगुच्छांना फोनेस्थीम असे नाव दिले. अर्थात ग्लू आणि ग्लव्ह यांचा उजेडाशी काही संबंध नाही, तेव्हा हा नियम फार ताणण्यात अर्थ नाही.

नामांच्या बाबतीत मराठी मला उलट अधिक श्रीमंत वाटते. लस्टर आणि शीन या दोन शब्दांसमोर आपल्याकडे सोन्याची झळाळी, चेहऱ्याची तकाकी, भांड्यावरची झिलई आणि मोत्याचे पाणी आहे. तिथे अडचण निवडीची आहे, टंचाईची नाही.

आता माझे अडलेले प्रश्न. पहिला ग्लिसनचा, ज्यात ओलेपणा किंवा तेलकटपणा गृहीत असतो : घामाने भिजलेले कपाळ, अश्रूंनी भरलेले डोळे, लाटेने भिजलेला खडक. डोळ्यांसाठी 'पाणावणे' चालते, पण त्यात प्रकाश नाही. 'तुकतुकीत' त्वचेला शोभते, खडकाला नाही. दुसरा शिमरचा : हलत्या पाण्यावर चांदणे थरथरते तेव्हा काय म्हणावे? 'झिलमिलणे' सुचले, पण ते मला हिंदी वळणाचे वाटते. तिसरा प्रश्न काजव्यासारख्या थंड ग्लोचा.

कृपया सुटा शब्द देण्याऐवजी पूर्ण वाक्य सुचवावे, कारण सुटा असताना पटलेला शब्द वाक्यात बसवल्यावर खटकतो, असा अनुभव या पानावर मला तीनदा आला आहे. खडकाचे वाक्य सध्या असे आहे आणि त्यातले क्रियापद मला बदलायचे आहे : 'लाट ओसरली आणि काळा खडक चंद्राच्या उजेडात ओला चमकत राहिला.'