नर की मादी, हे आईच ठरवते असं नाही

एकांनी लिहिलंय की कोंबडीतही नर-मादी बापावरूनच ठरतं, आपल्यासारखं. पक्ष्यांत नेमकं उलटं आहे. नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं (पेशीतले आनुवंशिक धागे) कोंबड्याकडे झेड-झेड, कोंबडीकडे झेड-डब्ल्यू. म्हणजे पिल्लू काय होणार हे कोंबडीच्या अंड्यावरच ठरतं.

गाई-म्हशींत मात्र आपल्यासारखंच: मादीकडे एक्स-एक्स, नराकडे एक्स-वाय. आमच्या करवीर तालुक्यात लागोपाठ रेडेच झाले की 'हिला रेडेच होतात' म्हणत म्हशीला बाजाराची वाट दाखवतात. अहो, तिच्याकडे द्यायला एक्सशिवाय काही नाहीच! मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनाही अजून हेच सांगावं लागतं, याचा मला मनापासून संताप येतो.

हल्ली मादी वासरासाठी लिंग-वर्गीकृत रेतमात्रा, म्हणजे एक्सवाले शुक्राणू निवडून भरलेल्या वीर्याच्या कांड्या, मिळतात. नायट्रोजनच्या टाकीतून काढलेली ती बारीक कांडी कोमट पाण्यात धरतात, मग गाई-म्हशीला भरतात. एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो. तेवढ्याशा फरकावर यंत्र तो वेगळा काढतं आणि जवळपास ९० टक्के माद्या होतात.

आपल्या कृष्णा-पंचगंगेतल्या मगरींत तर लिंग-गुणसूत्रंच नाहीत. सगळा खेळ घरट्यातल्या उबेचा: ३१ अंशांपर्यंत माद्या, ३२.५ च्या आसपास बहुतेक नर. काठची वाळू-माती ओरबाडली, सावली तोडली, तर पिल्लांचं नर-मादी प्रमाणच बिघडू शकतं. याकडे कुणी बघतंय का?

मधमाश्यांचं राहिलंच. तिथं नर फलन न झालेल्या अंड्यातून येतो. त्याला बाप नसतो, आईकडचा आजोबा मात्र असतो.